फोनच्या बिलातली एक ओळ

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

चि. चिऊस,


तुझा मेल मिळाला. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला कर्णबधिरांसाठी फोनचं अॅप घेतलंस हे वाचून फार बरं वाटलं. ‘तुमच्याकडे सरकार अशी यंत्रं फुकट देतं म्हणे, ते कसं काय, कळव,’ असं लिहिलं आहेस. कळवते, आणि जरा ऐसपैस कळवते. ग्रंथालयातल्या माझ्या नोकरीच्या वर्षांत यातलं बरंचसं माझ्या टेबलासमोर घडलं, आणि आता तुझ्या आतोबांचे कान गेल्यापासून ते आमच्या घरातही आलं आहे.

आधी पैशाचं सांगते, कारण तुम्ही मुलं यंत्रापासून सुरुवात करता आणि पैशाचं शेवटी विचारता. आमच्या फोनच्या बिलात खाली, करांच्या रांगेत, एक लहानशी रक्कम असते. राज्यातले बहुतेक फोनधारक ती भरतात. पूर्वी ती बिलाच्या काही टक्के असे. एप्रिल 2023 पासून दर जोडणीमागे ठरावीक रक्कम केली आहे. तिच्यातून गरिबांना सवलतीचा फोन देण्यासारखे काही सार्वजनिक उपक्रम चालतात आणि एक वाटा अपंगांच्या फोन-उपकरणांना जातो. 1979 साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने कायदा केला की ज्याला ऐकू येत नाही अशा ग्राहकाला टाइप करून बोलायचं यंत्र विनामूल्य मिळालं पाहिजे आणि त्याचा खर्च सगळ्या ग्राहकांनी मिळून उचलायचा. त्यामागचा विचार मला आजही पटतो. डोंगरातल्या शेवटच्या घरापर्यंत तार नेताना कंपनीने जास्त खर्च केला, तो आपण सगळ्यांनी बिलातून वाटून घेतला आणि कुणी त्याला दान म्हटलं नाही. मग कानाने अधू असलेल्या माणसापर्यंत फोन नेण्याचा खर्च वेगळा का मोजायचा?

इथे उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत, हे मुद्दाम सांगते. राज्यात राहत असावं, फोनची सेवा असावी आणि अडचण खरी आहे अशी डॉक्टरची किंवा श्रवणतज्ज्ञाची सही असावी, एवढंच. श्रीमंताच्या कानालाही तोच न्याय. सगळीकडे असं नाही. काही राज्यांत उत्पन्नाची अट आहे, ओरेगनमध्ये उपकरण वापरायला देतात आणि गरज संपली की परत घेतात, टेक्सासमध्ये व्हाउचर देतात आणि वस्तू आपण विकत घ्यायची. पन्नास राज्यांतल्या बहुतेकांत काही ना काही योजना आहे, पण कुठे काय मिळेल ते तुमचा पत्ता ठरवतो. मला हे मुळीच बरोबर वाटत नाही.

आता यंत्राची गोष्ट. ती तुझ्या उपयोगाची आहे, म्हणून थोडी थांबून सांगते.

टेलिफोन 1876 चा. तो करणाऱ्या बेलची आई कर्णबधिर होती, पुढे बायकोही कर्णबधिर. तरीसुद्धा त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं न ऐकणाऱ्या माणसाला टेलिफोन म्हणजे भिंतीवरची एक निरुपयोगी वस्तू होती. तो त्यांच्या हातात आणला रॉबर्ट वाइटब्रेक्ट या भौतिकशास्त्रज्ञाने. स्वतः जन्मापासून कर्णबधिर, आमच्या इथून जवळच मेन्लो पार्कला स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये कामाला, आणि हौशी रेडिओचा मोठा नाद. त्याच्याबरोबर पॅसाडिनाचे दंतवैद्य जेम्स मार्स्टर्स आणि रेडवुड सिटीचे अँड्र्यू साक्स. तेही दोघे कर्णबधिर. यांनी भंगारात निघालेले टेलिप्रिंटर मिळवले. पण फोन कंपनीच्या तारेला बाहेरचं कसलंही उपकरण जोडायला त्या काळी मनाई होती. वाइटब्रेक्टने मग तारेला हातच लावला नाही. फोनचा रिसीव्हर दोन रबरी वाट्यांत ठेवायचा, टाइप केलेल्या अक्षरांचे सूर त्या वाटीतून फोनमध्ये जायचे आणि पलीकडच्या वाटीतून निघून पुन्हा कागदावर अक्षरं उमटायची. 1964 मध्ये त्या तिघांनी साध्या टेलिफोनच्या तारेवरून असं बोलून दाखवलं. ती यंत्रं हलवायला दोघंतिघं लागत. 1968 मध्ये एटी अँड टीने आपले जुने टेलिप्रिंटर कर्णबधिरांना द्यायला संमती दिली आणि गावोगावचे कर्णबधिर कार्यकर्ते आपापल्या गॅरेजमध्ये ते दुरुस्त करून एकमेकांच्या घरी पोचवू लागले. सरकार यात बऱ्याच वर्षांनी आलं. ज्यांची गरज होती त्यांनीच आधी करून दाखवलं, म्हणून कायदा करताना काय द्यायचं ते ठाऊक होतं.

मी नोकरीला लागले तेव्हा हे यंत्र टाइपरायटरच्या आकाराचं झालं होतं आणि आमच्या चौकशीच्या टेबलावर एक असायचं. त्याचं कारण असं की 1980 मध्ये राज्याची कर्णबधिरांची जुनी शाळा बर्कलीहून फ्रीमाँटला आली. शाळेमागे कुटुंबं आली, शिक्षक आले, माजी विद्यार्थी इथेच राहिले. दुकानात, बँकेत, ग्रंथालयात खाणाखुणांनी बोलणारी माणसं रोजची झाली. फोन वाजला आणि उचलल्यावर चिमण्यांच्या चिवचिवाटासारखे सूर ऐकू आले की समजायचं, टाइप करणारं कुणीतरी आहे. रिसीव्हर वाट्यांत बसवायचा, पडद्याच्या अरुंद पट्टीवर अक्षरं एकामागून एक सरकायला लागायची. एका वेळी एकानेच टाइप करायचं. आपलं झालं की ‘जीए’ लिहायचं, म्हणजे आता तुम्ही बोला. संभाषण संपवताना ‘एसके’. घाईने मध्येच टाइप केलं तर दोघांची अक्षरं एकमेकांत मिसळून सगळा काला व्हायचा. तुझ्या अॅपमध्ये बोलण्याची पाळी कुणाची हे समोरच्याला कसं समजणार? याचा विचार झाला नसेल तर आधी तो करा. हा प्रश्न त्या लोकांनी साठ वर्षांपूर्वी दोन अक्षरांत सोडवला होता.

पण यंत्र हातात आलं तरी एक मोठी अडचण उरलीच होती. पलीकडेही तसंच यंत्र लागायचं. मित्राशी बोलता यायचं, दवाखान्याशी नाही. आमच्याकडे एक सुतारकाम करणारे गृहस्थ येत. हातात चिठ्ठी असे: अमुक डॉक्टरांना फोन करून वेळ घ्या. मी फोन लावायची आणि पलीकडून प्रश्न यायचे, काय होतंय, कधीपासून, लघवीला त्रास आहे का. मी ते कागदावर लिहायची, ते खाली उत्तर लिहायचे आणि ते उत्तर मी भर ग्रंथालयात मोठ्याने फोनवर वाचायची. पन्नाशीचा माणूस मान खाली घालून उभा असे. सरकारने दिलेलं यंत्र त्यांच्या घरी होतं आणि तरी त्यांना माझ्यासमोर यावं लागत होतं.

1987 मध्ये राज्यात मध्यस्थ सेवा सुरू झाली आणि चिठ्ठी घेऊन येणं बंद झालं. यात घरून यंत्रावर टाइप करायचं. मधली ऑपरेटर ते डॉक्टरकडे वाचून दाखवणार आणि डॉक्टरचं बोलणं टाइप करून इकडे पाठवणार. तिने स्वतःच्या पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही, मागे कुत्रं भुंकलं तर तेही लिहायचं, आणि ऐकलेलं कुठे बोलायचं नाही, अशी तिच्यावर बंधनं. पुढे 26 जुलै 1990 रोजी अमेरिकेचा अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला, त्याच्या चौथ्या भागाने ही सेवा सगळ्या देशात सक्तीची केली आणि बरोबर तीन वर्षांची मुदत दिली. 2001 च्या ऑक्टोबरपासून देशात कुठूनही 711 फिरवलं की ऑपरेटर मिळू लागली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट ही आहे. उपकरण आणि पलीकडची सोय यांचा विचार एकत्र झाला, तेव्हा त्या उपकरणाची किंमत वसूल झाली.

हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की फोन फक्त न ऐकणाऱ्यालाच अवघड आहे असं नाही. 1985 च्या कायद्याने कॅलिफोर्नियात इतर अपंगत्वांनाही दार उघडलं. ज्याचा हात थरथरतो त्याला मोठ्या बटणांचा फोन. ज्याला नंबर लक्षात राहत नाहीत त्याला बटणांवर मुलाबाळांचे फोटो लावलेला फोन. ज्याला बोटही हलवता येत नाही त्याला फुंकर मारून उचलता येणारा स्पीकरफोन. घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र काढावं लागलेल्याला गळ्याशी धरायचं कृत्रिम स्वरयंत्र. बेल ऐकू न येणाऱ्यासाठी दिवा लुकलुकवणारं किंवा उशीखाली थरथरणारं यंत्र. ज्याला वाचाच नाही त्याच्यासाठी बोलून दाखवणारी उपकरणं 2011 च्या कायद्याने यादीत आली. ही नुसती यादी म्हणून वाचू नकोस. एकेका ओळीमागे कुणीतरी फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या आयोगापुढे जाऊन आपली अडचण मांडली आहे.

आता तुझ्या आतोबांविषयी. सत्तरीनंतर त्यांना कमी ऐकू येऊ लागलं. मी आपली ओरडून बोलायची आणि ते म्हणायचे, ‘आवाज येतोय गं, शब्द कळत नाहीत.’ बर्कलीला अॅशबी स्टेशनशेजारी एड रॉबर्ट्स कॅम्पस आहे. पोलिओने मानेखाली लुळं पडूनही 1962 मध्ये बर्कली विद्यापीठात शिकायला आलेल्या आणि पुढे अपंगांच्या चळवळीचा आधार झालेल्या माणसाच्या नावाने बांधलेली इमारत. आत शिरलं की मधोमध लाल रंगाचा गोल वर चढत जाणारा रॅम्प. तिथे या योजनेच्या केंद्रात आम्ही गेलो. एका मुलीने, तुझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठी असेल, टेबलावर फोन मांडले आणि एकेकावर बोलून पाहायला लावलं. आवाजाचं बटण तिने शेवटपर्यंत वाढवलं नाही. ती म्हणाली, उतारवयात वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. म्हणजे स, श, फ असली व्यंजनं बुजतात आणि आ, ओ खणखणीत राहतात. नुसता आवाज वाढवला तर आ आणि ओ अंगावर येतात आणि स तसाच हरवलेला राहतो. मग तिने दुसरं बटण फिरवलं. ते फक्त वरच्या पट्टीचे आवाज उचलतं. मी पलीकडच्या खोलीत जाऊन फोनवर मराठीत म्हणाले, ‘साखर संपली, सुनंद्याकडून आणा.’ आतोबांनी शब्दन् शब्द परत म्हणून दाखवला. असला फोन दुकानातही मिळतो. आम्ही विकत आणला असता तर आवाज वाढवून, कान दुखवून, महिन्याभरात कपाटात टाकला असता. ती मुलगी आणि तिचा तो अर्धा तास हासुद्धा योजनेचाच भाग आहे, आणि माझ्या मते यंत्राहून मोलाचा.

तिने आणखी एक फोन दाखवला, समोरच्याचं बोलणं पडद्यावर लिहून दाखवणारा. इंग्रजीत तो उत्तम चालतो. डॉक्टरांशी, बँकेशी बोलताना आतोबा तोच वापरतात. पण ती सोय इंग्रजी आणि स्पॅनिशपुरती. रविवारी सांगलीहून वन्संचा फोन आला की पडद्यावर इंग्रजी शब्दांचा अर्थहीन पाऊस पडतो. या देशात आयुष्य काढलेल्या, म्हातारपणी कान गेलेल्या मराठी माणसांची संख्या वाढत जाणार आहे आणि त्यांची जिव्हाळ्याची माणसं मराठीत बोलतात. मोबाइलवर समोरचं मराठी बोलणं अक्षरांत उतरवण्याची सोय आता आली आहे. ती फोनच्या संभाषणात, दोन्ही बाजूंना, म्हाताऱ्या माणसाला झेपेल अशा रीतीने आणणं हे काम तुमच्या गटाने हाती घेतलं तर मी पहिली गिऱ्हाईक.

एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. ग्रंथालयात येणाऱ्या एका बाईंना जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि चाळिशीत डोळ्यांचंही जाऊ लागलं. अशा माणसाला पडदा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. 8 ऑक्टोबर 2010 च्या केंद्रीय कायद्यात अशांसाठी मध्यस्थ सेवेच्या राष्ट्रीय निधीतून वर्षाला एक कोटी डॉलरपर्यंत रक्कम राखून ठेवली गेली. जुलै 2012 मध्ये ती योजना प्रायोगिक म्हणून सुरू झाली, 2017 पासून कायमची आहे. हिला मात्र उत्पन्नाची मर्यादा आहे. त्या बाईंना तिच्यातून संगणकाला जोडायची ब्रेलची पट्टी मिळाली. पट्टीवर बारीक टाचण्या वर येतात, ओळ वाचून झाली की खाली जातात आणि पुढची ओळ उमटते. किंमत हजारो डॉलर. शिकवणारी बाई स्वतः कर्णबधिर होती. घरी येऊन, यांचे दोन्ही हात आपल्या हातांवर ठेवून खुणा करायची, की मग यांची बोटं पट्टीवर न्यायची, की पुन्हा खुणा. असं कित्येक आठवडे. घरी येऊन शिकवण्याचा खर्च त्या योजनेतच धरलेला आहे. त्यानंतर एके दिवशी मला त्या बाईंचा मेल आला, अमुक पुस्तक ब्रेलमध्ये मागवता येईल का. पूर्वी त्या हे विचारायला बहिणीला घेऊन येत.

सगळं गोड आहे असं समजू नकोस. मध्यस्थ सेवेचे पैसे मिनिटाच्या हिशोबाने मिळतात, म्हणून काहींनी कुणाशी न बोलता नुसतेच फोन लावून ठेवून निधी लुबाडला. 2009 मध्ये व्हिडिओवरून खुणांची भाषा पोचवणाऱ्या सेवेतल्या अशा लबाडीबद्दल 26 जणांवर आरोप ठेवले गेले. अशा चोरीचा परिणाम असा होतो की पुढचे नियम कडक होतात आणि त्यांचा काच खऱ्या गरजूला बसतो. माझ्या ओळखीच्या कितीतरी म्हाताऱ्यांना अशी योजना आहे हेच ठाऊक नाही. बिलातली ओळ ते भरतात आणि मुलगा हजार मैलांवरून फोनवर ओरडत राहतो.

आता आपल्याकडचं. आपल्याकडे काहीच नाही असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. केंद्राची ‘एडिप’ योजना 1981 पासून आहे. तिच्यातून श्रवणयंत्रं, ब्रेलचं साहित्य, अंधांना स्मार्टफोनसुद्धा मिळतात, आणि पुष्कळसं काम कानपूरची एलिम्को करते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात माहिती आणि संपर्काची साधनं सर्वांना वापरता आली पाहिजेत असं कलम आहे. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. बँकेच्या केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा असं सांगतात. ज्यांचे डोळे ॲसिडने गेले किंवा ज्यांना दिसतच नाही त्यांनी काय करायचं, असा तो खटला होता. आणि पैसा? दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून गोळा होणारा निधी आपल्याकडेही आहे. त्याचं आताचं नाव डिजिटल भारत निधी, आणि 2024 च्या त्याच्या नियमांत ज्यांच्यापर्यंत सेवा पोचायला हवी त्यांत दिव्यांगांचा उल्लेख आहे. महाराष्ट्रात तर महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातला पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे.

मग अडतं कुठे? मागच्या खेपेला आले तेव्हा दादाच्या शेजारच्या काकूंनी शिबिरात मिळालेलं श्रवणयंत्र दाखवलं. डबीत तसंच. कानात घातलं की शिट्टी वाजते म्हणाल्या. कानाच्या मापाचा साचा नीट बसला नाही की आवाज बाहेर गळतो आणि यंत्र शिट्टी मारतं. तो बदलला असता तर यंत्र चाललं असतं. शिबिराच्या मांडवात त्यांना हार घातला, फोटो काढला, यंत्र दिलं आणि मांडव उठला. साचा बदलायला जायचं कुठे, हे कुणी सांगितलं नाही. बर्कलीतल्या मुलीचा तो अर्धा तास काकूंच्या वाट्याला आला नाही, एवढाच फरक. त्याला फार पैसा लागत नाही. माणूस नेमावा लागतो आणि त्याला वर्षभर त्याच जागी बसवावं लागतं.

म्हणून तुला दोन कामं सांगते. पहिलं, कोडची एक ओळ लिहिण्याआधी तुमच्या गटात एक कर्णबधिर मुलगा किंवा मुलगी घ्या, चाचणीपुरती नव्हे, निर्णय घ्यायला. शहरातल्या मूकबधिर शाळेत जाऊन विचारलंस तर माजी विद्यार्थ्यांचे पत्ते मिळतील. दुसरं, माहितीच्या अधिकारात महापालिकेकडे अर्ज कर. पाच टक्के निधीतून गेल्या तीन वर्षांत किती खर्च झाला, त्यातला श्रवणयंत्रं आणि फोन-उपकरणांवर किती, आणि दिलेलं यंत्र बिघडलं तर नागरिकाने कुणाकडे जायचं, एवढं विचार. तीस दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील आहेत. उत्तर आलं की त्याची प्रत मला पाठव, आणि काकूंना घेऊन साचा बदलायला तू स्वतः जाऊन ये.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या